इलेक्ट्रिक पिकअपचे टायर जपताना
इलेक्ट्रिक पिकअप बॅटरीमुळे चांगलाच जड असतो. जीएमसी हमर ईव्ही तर ४ टनांच्या पुढे जातो. त्यात पेडलवर पाय ठेवताच मोटरचा पूर्ण जोर चाकांवर येतो, म्हणून टायर लवकर झिजतात. दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढच्या-मागच्या चाकांची अदलाबदल कराच. रेंज वाढवणाऱ्या मोडमध्ये काही गाड्या फक्त पुढच्या चाकांवर चालतात; तिथे तर आणखी लवकर. हवा टायर गार असताना तपासा आणि आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा धरा, टायरवर छापलेला कमाल दाब नव्हे. नक्षीवरून तळहात आडवा फिरवून बघा: एका बाजूने गुळगुळीत, उलट फिरवला की बोचरं लागलं, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलंय. ते आधी करून घ्या, नाहीतर नवे टायरही तसेच जातील.