व्यक्तिमत्त्व चाचणी कशी द्यावी आणि निकाल कसे पडताळावेत

व्यक्तिमत्त्व चाचणी सोडवायला बसण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि स्वतःच्या स्वभावाचे वर्णन करणारे पंधरा मराठी शब्द त्यावर लिहावेत. भिडस्त, चिवट, हळवा, तापट, धांदरट, नीटनेटका, हिशेबी, मनमिळाऊ, घुमा असे रोजच्या बोलण्यातले शब्द चालतील, किंबहुना तेच हवेत. लहानपणापासून घरातील माणसे आपल्याला ज्या शब्दांनी ओळखत आली, तेही त्यात घ्यावेत, मग ते आवडते असोत वा नसोत. कागदावर तारीख घालून तो बाजूला ठेवावा, कारण निकाल हाती आल्यावर त्याची गरज पडणार आहे.

हे वरवर बाळबोध वाटेल, पण आजच्या व्यक्तिमत्त्वमापनाची मुळे शब्द गोळा करण्याच्या याच पद्धतीत आहेत. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोश धुंडाळून माणसामाणसांतील फरक सांगणारे सुमारे १८,००० शब्द वेगळे काढले. त्यामागचा विचार असा होता की, स्वभावातला जो फरक एकमेकांशी वागताना लोकांना खरोखर महत्त्वाचा वाटतो, त्याच्यासाठी भाषेत कधी ना कधी शब्द तयार होतोच. पुढच्या काही दशकांत संशोधकांनी ही यादी आटोपशीर केली, कोणते शब्द एकाच माणसाला बहुधा एकत्र लागू होतात हे सांख्यिकीने तपासले, आणि त्यातून पाच मोठे गुणसमूह पुन्हा पुन्हा पुढे आले: बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा. त्यांना एकत्रितपणे बिग फाइव्ह म्हणतात.

प्रकार की मोजपट्टी

चाचणी निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा की, ती आपल्याला एखाद्या प्रकारात बसवते की मोजपट्टीवर आपली जागा दाखवते. सर्वांत प्रसिद्ध असलेली मायर्स-ब्रिग्ज चाचणी पहिल्या जातीची आहे. कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या स्वभावप्रकारांच्या कल्पनेवर कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी ती उभारली. तिच्यात चार जोड्या असतात. माणूस बहिर्मुख आहे की अंतर्मुख, प्रत्यक्ष तपशिलावर विसंबतो की अंतःप्रेरणेवर, निर्णय तर्काने घेतो की भावमूल्यांनी, आणि त्याला आखीव जगणे रुचते की मोकळे, हे ठरवून प्रत्येक जोडीतले एक अक्षर त्याला दिले जाते. अशा चार अक्षरांचे १६ प्रकार होतात.

हे प्रकार लक्षात राहायला सोपे आहेत आणि स्वभावाविषयी बोलायला निमित्त देतात, एवढा त्यांचा गुण मान्य केला पाहिजे. अडचण अशी की, बहुसंख्य माणसे कोणत्याही मोजपट्टीच्या मध्याजवळ असतात आणि प्रकार ठरवणारी रेघ नेमकी तिथेच मारलेली असते. शून्य ते शंभरच्या पट्टीवर ४८ गुण मिळालेली व्यक्ती अंतर्मुख ठरते आणि ५२ गुण मिळालेली बहिर्मुख, जरी त्या दोघींच्या वागण्यात फारसा फरक नसला तरी. उलट ५२ आणि ९८ गुणांच्या दोन व्यक्तींना मात्र एकच अक्षर मिळते. पाच आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा दिल्यावर साधारण निम्म्या लोकांचे किमान एक अक्षर बदलते, याकडे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पिटेंजर यांनी १९९३ मध्ये लक्ष वेधले होते. माणसे पाच आठवड्यांत बदलत नाहीत, मधल्या रेघेजवळ उभी असलेली माणसे थोड्याशा हालचालीने पलीकडे जातात. म्हणून प्रकार सांगणारी चाचणी दिलीच, तर अक्षरांबरोबर प्रत्येक जोडीचे गुणही ती दाखवते का, हे पाहावे, आणि दाखवत असल्यास गुणच टिपून ठेवावेत.

मुख्य चाचणी म्हणून माझी शिफारस बिग फाइव्हवर आधारलेल्या आणि सर्वांना मोफत खुल्या असलेल्या आयपिप (इंटरनॅशनल पर्सनॅलिटी आयटम पूल) या प्रश्नसंग्रहातील १२० प्रश्नांच्या चाचणीची आहे. मानसशास्त्रज्ञ लुईस गोल्डबर्ग यांनी हा संग्रह मुद्दाम कोणाच्याही मालकीविना ठेवला. ती सोडवायला साधारण वीस मिनिटे लागतात. वेळ नसल्यास दहा प्रश्नांच्या छोट्या चाचण्याही आहेत, परंतु प्रत्येक गुणसमूहाला दोनच प्रश्न आल्यावर एका प्रश्नाचा चुकीचा लागलेला अर्थसुद्धा निकाल फिरवू शकतो. ज्यांना प्रामाणिकपणा आणि विनम्रता यांचेही मोजमाप हवे आहे, त्यांनी मायकेल ॲश्टन आणि किबियम ली यांची सहा घटकांची हेक्झाको चाचणी पाहावी. नऊ प्रकारांचा एनिअग्राम आत्मचिंतनाला निमित्त म्हणून वाचावा, मोजमाप म्हणून नव्हे.

इथे एक गल्लत टाळायला हवी. महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी काही वर्षे जी कल चाचणी घेतली गेली, ती कोणत्या क्षेत्राची आवड आहे हे पाहण्यासाठी होती. आवड, क्षमता आणि स्वभाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीच्या निकालावरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

उत्तरे देताना

मराठी माणसाला या टप्प्यावर जास्त काळजी घ्यावी लागते, कारण बहुतेक प्रश्न इंग्रजीत असतात आणि ते दुसऱ्या समाजातील प्रसंगांवर बेतलेले असतात. पार्टीत आपण उत्साहाने मिसळतो का, या प्रश्नाला अनेक जण चटकन नकार देतात. त्याच व्यक्ती मावसबहिणीच्या हळदीला किंवा सोसायटीच्या गणपतीत रात्री उशिरापर्यंत गप्पांचा फड जमवतात. प्रश्नाचा रोख माणसांच्या सहवासातून उत्साह मिळतो का, याकडे आहे, विशिष्ट प्रकारच्या समारंभाकडे नाही. त्यामुळे प्रत्येक विधान आधी मनात आपल्या घरच्या मराठीत मांडावे, त्यात आपल्या आयुष्यातला प्रसंग घालावा आणि मगच उत्तर निवडावे.

मराठी अनुवाद उपलब्ध असला तरी शब्द सावधपणे वाचावेत. अंतर्मुख या शब्दाला मराठीत आत्मपरीक्षण करणारा असा एक गंभीर, आदराचा अर्थ आहे, तर बोलीत बुजऱ्या माणसालाही अंतर्मुखच म्हटले जाते. मानसशास्त्रातील अंतर्मुखता यांपैकी काहीच नाही. तिथे प्रश्न एवढाच असतो की, गजबजाट आणि खूप माणसे यांची ओढ किती कमी किंवा जास्त आहे. चारचौघांत बोलायला घाबरणे हा भिडस्तपणा झाला. एखादी व्यक्ती अजिबात न घाबरता शांतपणे व्याख्यान देऊन नंतर एकटीच चहा पिणे पसंत करू शकते, आणि दुसरी व्यक्ती लोकांत मिसळण्यासाठी आसुसलेली असूनही भीतीने गप्प राहू शकते. माझ्या ओळखीतील एका मुलीने अंतर्मुख असा निकाल वाचून वक्तृत्व स्पर्धेतून नाव मागे घेतले, याची मला आजही हळहळ वाटते, कारण चाचणीने तसे काही सांगितलेच नव्हते.

आणखी एक चूक नकळत होते. मी नीटनेटका आहे, या विधानाला उत्तर देताना तुलना कोणाशी करायची? आईशी तुलना केली तर आपण गबाळे ठरतो आणि वसतिगृहातील खोलीतल्या सोबत्याशी केली तर टापटिपीचे. साधारण आपल्या वयाचे, आपल्या ओळखीचे जे लोक आहेत, ते सगळे डोळ्यांपुढे ठेवून उत्तर द्यावे आणि तोच निकष शेवटच्या प्रश्नापर्यंत सोडू नये. आपण कसे असावे असे वाटते ते लिहू नये, गेल्या वर्षभरात कसे वागलो ते लिहावे. प्रत्येक विधानाला होकार देत जाण्याची सवय अनेकांना असते, म्हणूनच चांगल्या चाचण्यांत काही विधाने उलट बाजूने विचारलेली असतात. कामे लगेच उरकतो असे एक विधान, तर वस्तू इकडेतिकडे पडलेल्या असतात असे दुसरे. दोन्हींना आपण ठाम होकार दिला असेल, तर थांबून पुन्हा वाचावे.

निकाल वाचताना

निकालातील वर्णन वाचताच हे अगदी माझेच आहे असे वाटणे, हा चाचणी खरी असल्याचा पुरावा नाही. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची एक व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून वर्णन दिले. ते किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिला होता, आणि तो भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. त्यामुळे निकालातील प्रत्येक वाक्यापुढे, हे माझ्या शेजाऱ्यालाही लागू पडेल का, असा प्रश्न लिहावा. लागू पडत असेल तर ते वाक्य खोडावे. उरलेली वाक्ये सुरुवातीच्या पंधरा शब्दांशी ताडून पाहावीत. जिथे दोन्ही जुळतात त्याहून जिथे विसंगती दिसते ती जागा अधिक बोलकी असते.

आकड्यांबाबत दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. शततमक ७० याचा अर्थ शंभरपैकी ७० गुण असा नसून, ज्या गटाशी तुलना केली त्यातील सुमारे ७० टक्के लोकांपेक्षा आपले गुण जास्त आहेत असा होतो, आणि हा गट बहुधा इंग्रजी बोलणाऱ्या देशांतला असतो. दुसरी गोष्ट मापनात होणाऱ्या चुकीविषयी आहे. समजा, एखाद्या पट्टीची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, १० आहे, तर विश्वसनीयता (मोजमाप किती सातत्यपूर्ण आहे हे सांगणारा शून्य ते एकमधला आकडा) ०.८४ असताना मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे गुण साधारण किती मागेपुढे होऊ शकतात ते, ४ गुणांची येते. म्हणजे ५४ गुण हे प्रत्यक्षात ५० ते ५८ च्या दरम्यान कुठेतरी असण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश आहे. दोन माणसांच्या गुणांतला फरक मोजताना ही त्रुटी दोन्हीकडून येते, त्यामुळे अशा पट्टीवर निदान ११ गुणांचे अंतर असल्याखेरीज दोघांचे स्वभाव वेगळे आहेत असे खात्रीने म्हणता येत नाही.

ताडून पाहणे

पहिल्या निकालानंतर पाच-सहा आठवडे थांबून, जुनी उत्तरे न पाहता, तीच चाचणी पुन्हा द्यावी. जे गुण जवळपास तेच राहिले त्यांवर भरवसा ठेवावा, जे हलले त्यांच्यापुढे त्या दिवसांत घरात वा कामावर काय चालले होते ते लिहावे. नंतर वेगळ्या पद्धतीची चाचणी घ्यावी. रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कोस्टा यांनी १९८९ मध्ये मायर्स-ब्रिग्जच्या चार जोड्यांची बिग फाइव्हशी तुलना केली, तेव्हा पहिली जोडी बहिर्मुखतेशी, दुसरी खुलेपणाशी, तिसरी सौजन्याशी आणि चौथी कर्तव्यदक्षतेशी निगडित असल्याचे आढळले. भावनिक अस्थिरतेला मात्र मायर्स-ब्रिग्जमध्ये जागाच नाही. दोन चाचण्यांचे निकाल शेजारी मांडताना हा मेळ हाताशी असावा. बहिर्मुखतेचे गुण मध्याजवळ असतील आणि पहिले अक्षर प्रत्येक वेळी बदलत असेल, तर त्यात विरोध काहीच नाही.

यापुढची पायरी बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त उलगडा तिच्यातूनच होतो. आपल्याला नीट ओळखणाऱ्या दोन व्यक्तींना, एक घरातील आणि एक बाहेरची, आपल्याविषयी तीच चाचणी भरायला सांगावे. मी हे केले तेव्हा बहिणीच्या उत्तरांतून मी तापट ठरलो आणि दहा वर्षे सोबत काम केलेल्या सहकाऱ्याच्या उत्तरांतून शांत. त्यांपैकी कोणीही चुकले नव्हते. दोघांनी माझा वेगवेगळा दिवस पाहिला होता. सिमीन वझिरे यांच्या २०१० च्या संशोधनानुसार, चिंता वा अस्वस्थता यांसारख्या आतल्या गोष्टी माणूस स्वतः अधिक अचूक सांगतो, परंतु बुद्धी आणि सर्जनशीलता यांसारख्या, ज्यांत चांगले-वाईट ठरवण्याचा प्रश्न येतो त्या बाबतीत जवळच्या मित्रांचा अंदाज अधिक खरा ठरतो. म्हणून मतभेद दिसल्यावर कोणाचे ऐकायचे, हे गुणानुसार ठरवावे.

पती-पत्नींनी किंवा भावंडांनी निकाल समोरासमोर मांडण्यास हरकत नाही, पण एकूण बेरीज करू नये. पत्रिकेतील ३६ गुणांसारखा जुळण्याचा एकच आकडा या चाचण्यांतून काढता येत नाही. ज्या एका पट्टीवर अंतर मोठे आहे ती निवडावी आणि त्या अंतरामुळे गेल्या महिन्यात नेमका कोणता प्रसंग घडला, एवढेच बोलावे. नोकरभरतीत उमेदवार निवडण्यासाठी मायर्स-ब्रिग्ज वापरू नये, असे तिचे प्रकाशकच सांगतात. कोणी तसा आग्रह धरला तर हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे.

चाचणी देताना नाव, फोन क्रमांक किंवा समाजमाध्यमाचे खाते जोडायची गरज नसते. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात फेसबुकच्या ८.७ कोटींपर्यंत वापरकर्त्यांची माहिती एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या ॲपमधूनच बाहेर गेली होती. निकाल स्वतःच्या वहीत उतरवावा आणि त्यापुढे चाचणीचे नाव, प्रश्नसंख्या, भाषा व तारीख लिहावी. वाढत्या वयाबरोबर कर्तव्यदक्षता आणि सौजन्य सरासरीने वाढते, म्हणून चार-पाच वर्षांनी पुन्हा मोजताना जुनी नोंद उपयोगी पडते.

भावनिक अस्थिरतेचे गुण जास्त येणे हे कोणत्याही आजाराचे निदान नव्हे. मात्र त्याच सुमारास झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर आणखी चाचण्या शोधत बसू नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे किंवा केंद्र शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.