जर्मनीत पीएचडी: आधी गाइड शोधा, मग विद्यापीठ

इथे यायचं ठरवणारी मुलं मला पहिला प्रश्न हमखास विचारतात, "ॲडमिशन कधी सुरू होतात?" हा ॲडमिशन शब्द आधी डोक्यातून काढा. जर्मनीत पीएचडी ही बहुतेक वेळा नोकरी असते. जाहिरात निघते, अर्ज जातो, मुलाखत होते, करारावर सही होते आणि मग विद्यापीठातली फॅकल्टी तुम्हाला 'डॉक्टरांड' म्हणजे पीएचडीचा विद्यार्थी म्हणून स्वीकारते. त्यामुळे जागा जूनमध्येही निघते आणि डिसेंबरमध्येही. मास्टर्स साधारणपणे लागतंच. तुमच्या पदवीला इथे मान्यता आहे का, हे 'अनाबिन' या सरकारी डेटाबेसमध्ये आधीच बघून ठेवा.

जागा शोधायला डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेचं 'पीएचडी जर्मनी' आणि युरोपभरच्या संशोधकांसाठीचं 'युरॅक्सेस' ही दोन पोर्टल्स चांगली आहेत. माक्स प्लांक, हेल्महोल्ट्झ, लाइबनिट्स आणि फ्राउनहोफर या विद्यापीठांबाहेरच्या संशोधन संस्थांमध्येही भरपूर जागा असतात. डिग्री मात्र विद्यापीठच देतं, म्हणून तिथे काम करणार असाल तर कोणत्या विद्यापीठात नोंदणी होणार, हे विचारा. ठरावीक अभ्यासक्रम आणि बरोबरीची मुलं हवी असतील तर माक्स प्लांकच्या 'आयएमपीआरएस' या पीएचडीच्या शाळा किंवा विद्यापीठांमधले 'ग्राडुइएर्टनकोलेग' हे पीएचडी कार्यक्रम बघा. तरीही माझा भर संशोधन करणाऱ्या ग्रुपच्या स्वतःच्या वेबपानावर आहे. ज्यांचे पेपर तुम्ही खरोखर वाचता अशा दहा-बारा जणांची यादी करा आणि ती पानं पंधरा दिवसांनी एकदा चाळत राहा.

जाहिरातीत 'टीव्ही-एल ई १३, ६५ टक्के' असं काहीतरी लिहिलेलं असतं. टीव्ही-एल हा राज्यांच्या कर्मचाऱ्यांचा वेतन करार, ई १३ ही त्यातली वेतनश्रेणी झाली आणि ६५ टक्के म्हणजे पूर्ण पगाराचा तेवढा हिस्सा. प्रबंधाचं काम उरलेल्या वेळात करायचं, असं धरलेलं असतं. इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटरमध्ये बऱ्याचदा १०० टक्के मिळतात, जीवशास्त्रात ६५ आणि मानव्यविद्यांमध्ये कित्येकदा ५०च. 'बेफ्रिस्टेट' म्हणजे मुदतीचा करार. तो तीन वर्षांचा असेल आणि प्रबंधाला चार लागले, तर चौथ्या वर्षाचा पगार कुठून येणार? हा प्रश्न विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. जागा 'श्टेले' म्हणजे पगारी नोकरी आहे की 'श्टिपेंडिउम' म्हणजे फेलोशिप, हेही तपासा. श्टेले असेल तर आरोग्य विम्याचा जवळपास निम्मा भार संस्था उचलते, पेन्शन आणि बेरोजगारी विमाही चालू होतो. फेलोशिपवर यातलं बरंचसं तुमच्या खिशातून जातं. म्हणून नुसता आकडा मोठा दिसतो म्हणून भुलू नका.

आता अर्जाच्या मेलबद्दल. गेली काही वर्षं आमच्या ग्रुपमधल्या जागांचे अर्ज मी प्राध्यापिकेसोबत वाचते. आपल्याकडच्या हुशार मुलांचे अर्ज पहिल्या चार ओळींत बाद होताना बघून जीव तुटतो. 'आदरणीय सर' ने सुरुवात, विद्यापीठाची थोरवी, आपण किती कष्टाळू आहोत ते, आणि ग्रुपच्या कामाबद्दल एक अक्षर नाही. एका मुलीनं मात्र असं लिहिलं होतं: "तुमच्या पेपरमधल्या चौथ्या आकृतीत कमी तापमानाचे दोन बिंदू रेषेबाहेर पडलेत. माझ्या मास्टर्सच्या प्रयोगात असंच झालं होतं, कारण सेन्सर उशिरा स्थिरावत होता. तुमच्याकडे ते तपासलं गेलं का?" तिचे मार्क मधलेच होते. प्राध्यापिकेनं तो मेल दोनदा वाचला आणि तिला त्याच दिवशी मुलाखतीला बोलावलं.

म्हणून एका मेलवर दोन दिवस खर्च करा. कागदपत्रं एकाच पीडीएफमध्ये जोडा, जाहिरातीत 'केनत्सिफर' म्हणजे जागेचा क्रमांक असेल तर तो विषयाच्या ओळीत टाका. शिफारसपत्र देणाऱ्यांना आधी विचारून ठेवा. अचानक फोन आल्यावर गोंधळलेला गाइड तुमचं नुकसान करतो.

मुलाखतीत मास्टर्सच्या कामावर वीसेक मिनिटं बोलावं लागतं. उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि ते कसं शोधाल, ते बोला. मग तुमची पाळी. तिथल्या पीएचडीच्या मुलांशी एकटं बोलू द्या, अशी विनंती करा आणि त्यांना विचारा: गाइड किती दिवसांनी भेटतो? आधीच्यांना किती वर्षं लागली? कोणी मध्येच सोडून गेलं का? माझ्या पहिल्या ग्रुपमध्ये मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. गाइडची भेट तीन-तीन महिन्यांनी व्हायची. वर्षभरानं मी तो ग्रुप सोडला. त्या वर्षाची हळहळ अजून जात नाही.

निवड झाली की गाइडबरोबर 'बेट्रॉयुंग्सफेराइनबारुंग' म्हणजे मार्गदर्शनाचा लेखी करार करून घ्या. संस्थेशी होस्टिंग करार, म्हणजे ती तुम्हाला संशोधनासाठी घेत असल्याचा लेखी करार, असेल तर जर्मन निवास कायद्यातल्या संशोधकांसाठीच्या कलम १८डी खाली व्हिसा मागता येतो. संस्थेला विचारून नेमका कोणता व्हिसा हवा ते ठरवा. आणि व्हिसा पासपोर्टवर लागेपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका. उशीर झाला तर रुजू व्हायची तारीख पुढे ढकलायला संस्थेच्या ऑफिसला वेळेत मेल करा. तशा तारखा मी बऱ्याचदा पुढे गेलेल्या पाहिल्या आहेत.