मनगट चोळत बसलाय? या चुका टाळा

मनगट किंवा बोट दुखायला लागलं की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं. लचक भरली, नाहीतर नसेवर नस चढली. मग बाम, खसाखसा चोळणं आणि मेडिकलमधून आणलेला पट्टा. नेमकं दुखतंय कुठे, हे कुणी विचारतच नाही.

दुखणं अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला आहे? अंगठा मुठीत घ्या आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. सणकून कळ आली तर डी क्वेर्व्हेनचा आजार असण्याची शक्यता बरीच. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटाजवळच्या अरुंद आवरणातून सरकताना घासतात. बाळंतिणींना हे फार होतं, कारण बाळाच्या काखेत हात घालून, अंगठे ताणून त्याला दिवसभर उचलावं लागतं. त्याऐवजी एक तळवा ढुंगणाखाली, दुसरा मानेखाली घालून उचला. चोळू तर अजिबात नका, सूज वाढते. आणि नुसता मनगटाचा पट्टा इथे फुकट. मेडिकलवाला आधी तोच पुढे करतो. तुम्ही अंगठ्यालाही आधार देणारा स्प्लिंट मागा.

मुंग्या येत असतील तर प्रकरण वेगळं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर, करंगळी मात्र ठणठणीत. रात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. हा बहुधा कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस (मज्जातंतू) दबणं. लोक दिवसभर पट्टा बांधतात आणि झोपताना काढून ठेवतात. नेमकं उलटं! झोपेत मनगट मुडपतं आणि नसेवरचा दाब वाढतो, म्हणून स्प्लिंट रात्री हवा, मनगट सरळ ठेवणारा. महिनोन्महिने मनाने बी-१२ खाऊन हा दाब सुटत नाही. साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट व्हायला लागला, हातातून कप निसटायला लागला, तर थांबू नका. उशीर झाला की ऑपरेशननंतरही ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

सकाळी बोट मुडपलेलंच अडकतं आणि ‘कट्’ करून सुटतं, ते ट्रिगर फिंगर. कट् वाजवून बघायचा चाळा सोडा, स्पंजचा चेंडू दाबणंही बंद करा. स्टिरॉइडच्या इंजेक्शनला लोक उगाच घाबरतात. अनेकांचं एकाच इंजेक्शनात भागतं. मधुमेह असेल तर आधी सांगा, साखर काही दिवस चढते.

मनगटावरची गँगलिऑनची, म्हणजे चिकट द्रवाने भरलेली, गाठ ठोकून फोडू नका. एकदा डॉक्टरांना दाखवा. दुखत नसेल तर तशीच राहू द्या, बऱ्याच गाठी आपोआप जिरतात.

माशाचा काटा किंवा सुई रुतल्यावर अख्खं बोट सुजलं, अर्धवट वाकून राहिलं आणि सरळ करताना जीव जातोय, तर हळदीचा लेप लावत बसू नका. कंडरेच्या आवरणात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, रात्र झाली असली तरी.