बुलेटच्या नव्या रंगाखाली दडलेला बिघाड

वडिलांची 1982 सालची बुलेट 350 पूर्ण उघडून पुन्हा जोडली. फ्रेमला पावडर कोटिंग, नवे पिस्टन रिंग, कार्बोरेटर साफ. आणि गाडी चालू होईना. दोन रविवार किका मारून पोटरी सुजली.

स्पार्क प्लग काढला तर पेट्रोलने ओला. म्हणजे पेट्रोल पोचतंय. प्लग इंजिनच्या हेडला टेकवून किक मारली, तर ठिणगी फिकट, पिवळसर. प्लग बदलला, कंडेन्सर बदलला, पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काचा, गॅप फीलर गेजने 0.38 मिमी केला. काही फरक नाही.

खरी खूण करंट दाखवणाऱ्या अँपमीटरने दिली. जुन्या बुलेटवर किल्ली फिरवून सावकाश किक दाबली की पॉइंट मिटताना काटा डावीकडे झुकतो, उघडताना परत येतो. माझा काटा जेमतेम थरथरायचा. हॉर्न मात्र खणखणीत वाजत होता, म्हणून अर्थिंगवर, म्हणजे करंट बॅटरीकडे परतण्याच्या वाटेवर, संशयच आला नव्हता. पण हॉर्नचं अर्थिंग फ्रेममधून जातं, पॉइंटचं इंजिनमधून! एक वायर बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकावरून थेट इंजिनच्या उघड्या धातूला टेकवली. काटा लगेच झुकला.

इंजिन माउंटिंगच्या पट्ट्या आणि फ्रेम यांच्यामध्ये कोटिंगचा जाड थर बसला होता, त्यातून करंट जात नव्हता. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, दातेरी वायसर घातले, वरून थोडं व्हॅसलीन. शिवाय इंजिनपासून बॅटरीपर्यंत वेगळी जाड वायर टाकली.

डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) दाबून पिस्टन टॉपच्या किंचित पुढे आणला, किक मारली. तिसऱ्या किकेला ती ओळखीची धडधड. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.