हवाईच्या राज्याचा इतिहास अभ्यासायला घेताना

हवाईच्या राजसत्तेवर अभ्यास करायला घेणारे बहुतेक जण सुरुवात करतात ती १८९३ पासून. १६ जानेवारीला अमेरिकी युद्धनौका 'बॉस्टन'वरचे खलाशी होनोलुलूत उतरले, १७ तारखेला राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली, १८९८ मध्ये बेटं अमेरिकेत सामील झाली. तिथल्या लोकांनी हे सगळं मुकाट्याने सोसलं, असं पुस्तकांत पिढ्यान् पिढ्या छापलं गेलं. ते चूक आहे. चूक इतकी टिकली, कारण लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हवाईयन वाचता येत होतं. म्हणून पहिला आग्रह हा: विषय कितीही छोटा घ्या, पण हवाईयन भाषेतली साधनं वगळून प्रबंधाचा आराखडा करू नका.

ही साधनं भरपूर आहेत. १८३४ ते १९४८ या काळात सुमारे शंभर हवाईयन वृत्तपत्रं निघाली आणि त्यांची सव्वा लाखाच्या आसपास पानं झाली. त्यातली बरीचशी 'पापाकिलो' आणि 'उलुकाउ' या संकेतस्थळांवर फुकट वाचता येतात. शब्द अडला की पुकुई आणि एल्बर्ट यांचा कोश उघडा, तोही ऑनलाइन आहे. शोध घेताना मात्र नवखे हमखास अडखळतात. आजच्या लेखनात कंठ्य थांबा दाखवणारं 'ओकिना' हे चिन्ह असतं आणि दीर्घ स्वरावर रेघ असते. जुन्या छपाईत सहसा यातलं काहीच नाही. त्यामुळे शोधचौकटीत शब्द चिन्हांशिवाय टाका. त्यानेही सापडलं नाही, तर शब्द ओळीच्या शेवटी तुटला असेल किंवा यंत्राने अक्षर चुकीचं वाचलं असेल असं धरून नुसता अर्धा शब्द टाका. १८२६ च्या आधीच्या इंग्रजी कागदांत तर वर्णमालाच ठरलेली नव्हती. तिथे कामेहामेहा 'तामेहामेहा' होतो आणि होनोलुलू 'होनोरुरु'.

कालपट थोडक्यात करा, पण राज्यघटना नीट लावा: १८४०, १८५२, १८६४ आणि १८८७. चौथी राजा कलाकाउआकडून बंदुकीच्या धाकाने सही करून घेतलेली, म्हणून तिला 'संगिनीची घटना' म्हणतात. तिने वरिष्ठ सभागृहाच्या मतदाराला ३,००० डॉलरची मालमत्ता किंवा ६०० डॉलरचं वार्षिक उत्पन्न अशी अट घातली आणि आशियाई लोकांचा मताधिकार काढून घेतला. राणीने १८९३ च्या जानेवारीत नवी घटना आणायचं ठरवलं ते हेच उलटवायला. ही पायरी गाळली की राणीच आततायी दिसू लागते.

त्या जानेवारीवर दोन अमेरिकी अहवाल आहेत आणि दोन्ही वाचावे लागतात. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी पाठवलेल्या ब्लाउंट यांनी होनोलुलूत राहून चौकशी केली आणि हवाईतले अमेरिकी राजदूत स्टीव्हन्स यांना जबाबदार धरलं. सिनेटच्या मॉर्गन समितीने १८९४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये साक्षी घेऊन जवळपास उलटा निष्कर्ष काढला. निष्कर्ष वाचण्याआधी साक्षीदारांची यादी काढा: कोणाला विचारलं, कोणाला नाही. मग राणीचं निषेधपत्र वाचा. तिने सत्ता सोडली ती तिला पदच्युत करणाऱ्या बंडवाल्यांच्या हंगामी सरकारपुढे नमून नव्हे, अमेरिकेच्या वरचढ बळापुढे, आणि अमेरिकी सरकार वस्तुस्थिती पाहून आपल्याला परत बसवेल या अपेक्षेने. त्यातला शब्द न् शब्द मोजून वापरलेला आहे.

आता मुख्य कागद. १८९७ मध्ये विलीनीकरणाविरुद्ध 'हुई अलोहा आइना' या संघटनेने बेटाबेटांवर फिरून २१,२६९ सह्या गोळा केल्या. तेव्हा मूळ हवाईयन वस्ती सगळी मिळून सुमारे ४०,००० होती. पुरुषांची पानं वेगळी, स्त्रियांची वेगळी, नावापुढे वय. 'हुई कालाइआइना' या दुसऱ्या संघटनेचा अर्ज निराळा. त्यावर १७,००० हून जास्त सह्या होत्या, पण मागणी राजसत्ता परत आणण्याची होती. दोन्ही आकड्यांची बेरीज करू नका, कारण अनेकांनी दोन्हीकडे सही केली होती. हवाईयन शिष्टमंडळाने अमेरिकी सिनेटपुढे ठेवला तो पहिलाच अर्ज. विलीनीकरणाचा तह सिनेटमध्ये मंजूर व्हायला दोन तृतीयांश मतं हवी होती, ती जमली नाहीत. म्हणून १८९८ मध्ये साध्या बहुमताचा संयुक्त ठराव आणून विलीनीकरण उरकलं. 'विलीनीकरणाचा तह' असं लिहिलेलं दिसलं की तिथे पेन्सिलीने खूण करा, कारण मंजूर झालेला तह नाहीच.

जमिनीचे कागद याहून किचकट आणि याहून मोलाचे. १८४८ च्या 'माहेले'त राजा आणि सरदारांत जमिनीची वाटणी झाली, मग राजाने आपला हिस्सा खासगी आणि सरकारी असा विभागला. रयतेला कसत्या जमिनीवर हक्क मिळाला तो १८५० च्या 'कुलेआना' कायद्याने, पण दावे दाखल करायची मुदत १४ फेब्रुवारी १८४८ लाच संपलेली होती आणि मोजणीचा खर्च दावेदाराच्या माथी. अखेर एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी जमीन रयतेच्या हाती आली.

एक दावा लावायचा तर आधी जमीन आयोगाने दिलेला निवाडा क्रमांक शोधा, मग त्या क्रमांकाने दाव्याची नोंद, साक्ष आणि शेवटी राजसनद असं क्रमाने जा. साक्षीत अळूची खाचरं किती, कोरडवाहू किती, घरजागा कुठे, आणि चतुःसीमा: 'माउका' म्हणजे डोंगराच्या अंगाला अमुक, 'माकाइ' म्हणजे समुद्राच्या अंगाला तमुक. ही दिशा बेटाच्या प्रत्येक किनाऱ्यावर बदलते. माउका म्हणजे उत्तर असं धरून नकाशा काढला की तो फिरलाच समजा. माणसं जुळवताना आणखी जपा. आडनाव लावायचा कायदा १८६० चा. त्याआधी एकाच माणसाची दोन-तीन नावं सापडतात आणि एकाच नावाची अनेक माणसं. नुसत्या नावावर विसंबू नका, शेजाऱ्यांची नावं जुळतात का ते बघा.

मराठी वाचणाऱ्याला इथे एक खास वाट आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेलं आणि पुढे अहमदनगरला रुजलेलं अमेरिकन मराठी मिशन, आणि १८२० मध्ये हवाईत उतरलेले मिशनरी, ही दोन्ही बॉस्टनच्या एकाच मंडळाची माणसं. मंडळाचे कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत आणि 'मिशनरी हेरल्ड'मध्ये दोन्हीकडची पत्रं छापलेली मिळतात. शाळा, छापखाना, व्याकरण यांबाबत त्या मंडळाने दोन ठिकाणी काय केलं, याची तुलना करण्याजोगी आहे. १८८१ च्या जगप्रवासात कलाकाउआ कलकत्त्याहून आगगाडीने मुंबईला आला होता. त्या वेळची मुंबईची वृत्तपत्रंही चाळायला हवीत.

वारशाकडे वळलात की राणीची सत्ता उलथल्याबद्दलचा १९९३ चा अमेरिकी माफीठराव सगळे दाखवतात. तो वाचाच, पण थांबा सुमारे १८ लाख एकरांच्या त्या ओळीवर: राजाची खासगी आणि सरकारी मिळून एवढी जमीन मोबदल्याविना अमेरिकेकडे गेली. मौना केआ या पर्वताचा माथा, जिथे खगोलवेधशाळा आहेत, याच जमिनीत मोडतो. हवाई विद्यापीठाला तो १९६८ मध्ये ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला गेला, आणि २०१९ मध्ये नव्या दुर्बिणीच्या विरोधात वडीलधारी माणसं ज्या रस्त्यावर बसली तो तिथेच वर जातो. त्या आंदोलनावर लिहायचं असेल, तर १८४८ ची वाटणीवही आधी काढा. भाडेपट्टा २०३३ मध्ये संपतो.