आवारातील ऋतूंची नोंदवही
निरीक्षणासाठी आवारातील एकच देशी झाड निवडावे आणि दर रविवारी सकाळी त्याची पालवी, कळ्या, फुले व त्यावर येणारे पक्षी तारखेसह वहीत नोंदवावेत. मुंबईत काटेसावर साधारण जानेवारी-फेब्रुवारीत पाने गाळून फुलते आणि मधासाठी मैना, बुलबुल, कावळे फांद्यांवर गर्दी करतात. ताम्हण एप्रिल-मेमध्ये बहरतो. झाड नसल्यास कुंडीतला कढीपत्ताही पुरेसा आहे, किंबहुना मला तोच अधिक प्रिय आहे. पावसाळ्यात त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले, तर ते झटकू नये. ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी असू शकते, जी पुढे हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचे लालसर, दुभंगलेले शिंग बाहेर काढते. अळी असेपर्यंत कीटकनाशक मुळीच फवारू नये आणि फोडणीसाठी पाने दुसऱ्या फांदीची खुडावीत.