ईआरपी घ्यायच्या आधी रॅकसमोर उभे राहा

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी स्टोअर सांभाळते. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, आमच्याकडे टर्निंग-ड्रिलिंग होतं, ग्राइंडिंगला बाहेर जातं. आमच्यासारख्या छोट्या कारखान्यात ईआरपीचा, म्हणजे स्टॉक, खरेदी-विक्री आणि हिशेब एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, विषय निघाला की पहिला प्रश्न दराचा असतो. माझं सांगणं असं, की दर नंतर विचारा, आधी स्टोअरच्या रॅकसमोर उभे राहा.

आमच्या एक्सेलमध्ये ६२०५ बेअरिंग चार नावांनी होतं. ‘६२०५ झेडझेड’, ‘बेअरिंग ६२०५ पत्रा’, ‘६२०५ टूआरएस’ आणि नुसतंच ‘बेअरिंग २५ बोअर’. पहिली दोन नावं एकाच मालाची. टूआरएस मात्र वेगळं, त्याला रबरी सील असतं. कूलंट उडतो तिथे पत्र्याच्या झाकणाचं बसवून चालत नाही. चौथं नाव कशाचं, ते डबा उघडल्यावरच कळलं. म्हणून आयटम मास्टरची, म्हणजे मालाच्या नावांच्या मूळ यादीची, सफाई नव्या कॉम्प्युटर ऑपरेटरवर सोपवू नका, माल हाताळणाऱ्या माणसाला शेजारी बसवा. आम्हाला दोन महिने लागले. ते वाचवायला गेलात तर जुना घोळच नव्या स्क्रीनवर दिसेल.

मग डेमो. विक्रेत्याच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीतच चालतं, त्यामुळे तुमचं सगळ्यात किचकट चलन, म्हणजे माल पाठवल्याची पावती, सोबत न्या. आम्ही हे नेलं होतं: १०० नग ग्राइंडिंगला गेले, ९२ ओके आले, ५ अंडरसाइज (मापापेक्षा लहान), ३ मध्ये ब्लो होल (ओतकामात राहिलेली पोकळी). ते ५ जॉबवर्कवाल्याच्या, म्हणजे ग्राइंडिंग करून देणाऱ्याच्या, नावावर, ३ फाउंड्रीच्या. कास्टिंग किलोवर घेतलेलं, विक्री नगावर, आणि मशीनखालचं बोरिंग, म्हणजे धातूचा कीस, पुन्हा किलोवर भंगारात. ही एंट्री समोर बसून करून दाखवा म्हटल्यावर एका विक्रेत्याने ‘नंतर कस्टमाइझ करू’ असं सांगितलं. तिथेच आम्ही थांबलो.

जॉबवर्कवाल्याकडे आज किती नग, किती दिवसांपासून पडलेत, ही यादी एका क्लिकवर निघालीच पाहिजे. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार पाठवलेला माल वर्षभरात परत आला नाही किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर पाठवल्या दिवशीच तो पुरवठा झाला असं धरतात. जिग, फिक्स्चर (नग धरून ठेवायची साधनं), टूल यांना ही मुदत नाही, तेव्हा त्यांची नोंद वेगळी ठेवा.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर बदलांची नोंद, म्हणजे एडिट लॉग, बंद करता येत नाही ना, हेही विचारा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून ते बंधनकारक आहे. ईआरपीनेक्स्टसारखी ओपन सोर्स प्रणाली घेतली तर लायसन्सचे पैसे वाचतात, पण सर्व्हर आणि ती बसवणारा जाणता माणूस यांचा खर्च असतोच.

सुरुवात १ एप्रिललाच करायचा मोह होतो, हिशेबाला ते सोपंही पडतं. पण मार्चअखेरीला डिस्पॅचची धावपळ असते आणि मोजणी घाईत होते. कामाचा ताण कमी असलेला महिना निवडा. दोन दिवस आवक-जावक बंद ठेवा, एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि तोच ओपनिंग स्टॉक भरायचा. जुनं रजिस्टर एक महिना सोबत चालवा, त्यापुढे नको. वही हाताशी असली की रात्रपाळीची माणसं तिच्यातच लिहितात, आणि स्क्रीनवरचा आकडा मागे पडतो. गेटवर आवक नोंदवणाऱ्या काकांसाठी आम्ही फॉर्ममधली नावं मराठीत करून घेतली. चलन नंबर टाकायला ते तेव्हापासून कुणाला हाक मारत नाहीत.

आता दर शनिवारी मी कुठलेही दहा आयटम निवडते, रॅकवर मोजते आणि स्क्रीनशी ताडून बघते. फरक आला, तर सोमवारी माल उतरायच्या आत ती एंट्री शोधायची.